इंजिनाच्या झडपेची स्प्रिंग : तपासणी व बदल

इंजिनातील झडप, म्हणजे ज्यास आपण नेहमीच्या बोलण्यात व्हॉल्व्ह म्हणतो ती, उघडण्याचे काम कॅम, टॅपेट, पुश रॉड व रॉकर अशी चौघे मिळून करतात. ती मिटविण्याचे काम मात्र एकट्या स्प्रिंगकडे असते. रॉकरने झडप खाली दाबली आणि नंतर आपला दाब काढून घेतला की, स्प्रिंगने तिला तत्काळ वर ओढून बैठकीवर घट्ट बसवावयाचे असते. स्प्रिंग सैल पडली असेल तर झडप उशिराने मिटते, किंवा पुरती मिटतच नाही. मग सिलिंडरातील दाबलेली हवा निसटते, इंजिन सुरू होण्यास त्रास देते आणि सुरू झाले तरी पंप ओढीत नाही. स्प्रिंग अजिबातच निकामी होऊन झडप सुटली तर ती पिस्टनवर आदळते, आणि ज्या कामास एरवी एक दुपार पुरली असती त्यासाठी सबंध इंजिन तालुक्याच्या गावी न्यावे लागते.

विजेचे व सौर ऊर्जेचे पंप आता पुष्कळ ठिकाणी झाले आहेत. तथापि जेथे वीज अवेळी येते, जेथे नदीनाल्यावरून तात्पुरते पाणी उचलावयाचे असते किंवा जेथे अद्याप वीजजोडणी मिळालेली नाही, तेथे डिझेल इंजिनावरच भिस्त ठेवावी लागते. गव्हाला पेरणीपासून १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटू लागतात. या वेळची पाण्याची पाळी हुकली तर फुटवे कमी निघतात, आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती उणीव भरून निघत नाही. अशा आठवड्यात इंजिन बंद पडणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर तो प्रसंग आला आहे त्यास सांगावयास नको. यास्तव रब्बीच्या पेरणीपूर्वीच स्प्रिंगांची तपासणी उरकून घ्यावी, असे आमचे शेतकरी बंधूंस व गावपातळीवरील कार्यकर्त्यांस आग्रहाचे सांगणे आहे.

स्प्रिंगेवर पडणारा ताण

आपल्याकडे शेतीवर मुख्यतः दोन तऱ्हेची एक सिलिंडरची डिझेल इंजिने आढळतात. पहिली तऱ्हा मंद गतीची. इंग्लंडातील डर्स्ले येथील लिस्टर कंपनीच्या नमुन्यावर राजकोटच्या कारखान्यांनी बनविलेली, मोठ्या फ्लायव्हीलची ही इंजिने असून ६ अश्वशक्तीचे असे इंजिन मिनिटास ६५० फेरे घेते. दुसरी तऱ्हा मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या आटोपशीर इंजिनांची. पुण्यास १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची ५ अश्वशक्तीची इंजिने या प्रकारची असून ती महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची आहेत. दोन्ही तऱ्हांत झडपा सिलिंडरच्या डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये असतात. मोटारगाडीच्या व ट्रॅक्टरच्या इंजिनातही मूळ रचना हीच असल्याने पुढील विवेचन थोड्याफार फरकाने तेथेही लागू पडते.

चार धावांच्या इंजिनात मुख्य दांड्याच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदा उघडते व मिटते. १५०० फेऱ्यांच्या इंजिनात हे मिनिटास ७५० वेळा, म्हणजे तासास ४५,००० वेळा घडते. दिवसाकाठी आठ तास पाणी दिले तर ३,६०,००० वेळा, आणि एका हंगामात असे चाळीस दिवस धरले तर १ कोटी ४४ लक्ष वेळा ती स्प्रिंग दबते व उसळते. मंद गतीच्या इंजिनात हीच संख्या तासास १९,५०० इतकी भरते, आणि त्या इंजिनांच्या स्प्रिंगा पुष्कळ वर्षे टिकतात याचे एक कारण हेच आहे. पोलाद झाले तरी इतक्या वेळा वाकविल्यावर ते थकते. वेढ्याच्या पृष्ठभागावर गंजाचा एखादा खड्डा किंवा कानशीचा ओरखडा असेल तर चीर बहुधा तेथूनच सुरू होते.

याखेरीज आणखी एक कारण आहे व ते सर्वस्वी आपल्या हातचे आहे. पाणी जास्त यावे म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग ताणून किंवा तिला तार बांधून इंजिन ठरल्यापेक्षा वेगाने पळविण्याची चाल अनेक विहिरींवर दिसते. वेग वाढला की झडपेस परत खेचण्यासाठी लागणारे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५०० ऐवजी १८०० फेरे केले, म्हणजे वेग सव्वापटीहूनही कमी वाढविला, तरी स्प्रिंगेवरील मागणी ४४ टक्क्यांनी वाढते. जुनी स्प्रिंग ती पुरी करू शकत नाही. झडप कॅमच्या मागोमाग न येता अधांतरी राहते, मग बैठकीवर आदळते व तेथून पुन्हा उसळते. पंपाचा हिशेब तर याहून कडक आहे. केंद्रोत्सारी पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने याच वाढीस १७३ टक्के शक्ती लागते. म्हणजे इंजिन काळा धूर ओकते, डिझेल जाते, आणि पाणी मात्र अपेक्षेइतके वाढत नाही.

एक्झॉस्टच्या स्प्रिंगेला उष्णतेचाही जाच असतो. थंड करण्याचे पाणी अडून इंजिन एकदा फार तापले, तर ती स्प्रिंग तुटत नाही, परंतु तिचा जोम कायमचा उतरतो व लांबीही थोडी घटते. वरून पाहणाऱ्यास ती नव्यासारखीच दिसते.

लक्षणे

इंजिनाचा दम गेला की मिस्त्रीचा पहिला संशय नोझलवर व दुसरा पिस्टनच्या रिंगांवर जातो. झडपेची आठवण बहुधा शेवटी होते, वस्तुतः ती आधी व्हावयास हवी, कारण तिची पाहणी सर्वांत स्वस्त पडते. डिझेलचा दांडा बंद स्थितीत ठेवून हँडलने इंजिन सावकाश फिरवावे. दाबाच्या धावेत हातास रबरी चेंडू दाबल्यासारखा विरोध जाणवला पाहिजे. तो न जाणवता हवा निसटल्याचा फुसफुस आवाज आला, तर कान हवेच्या गाळणीपाशी व नंतर सायलेन्सरपाशी न्यावा. आवाज गाळणीकडून येत असेल तर हवा आत घेणारी झडप गळते, सायलेन्सरकडून येत असेल तर एक्झॉस्टची. चालत्या इंजिनात गाळणीतून मधूनच भप असा झटका येणे, हेडमधून टकटक ऐकू येणे आणि पुश रॉड जागा सोडणे ही देखील याच रोगाची चिन्हे होत.

परंतु घाई करू नये. झडपेची कड जळली असेल, रॉकर व झडप यांमधील फट मुळीच राहिली नसेल किंवा झडपेची दांडी गाईडमध्ये काजळीने अडकत असेल, तरीही हीच लक्षणे दिसतात. म्हणून हेडवरील झाकण काढून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्प्रिंगेस दोष देणे बरोबर नाही.

झाकण काढल्यावर विजेरीच्या उजेडात दोन्ही स्प्रिंगांचे वेढे एकेक करून पाहावेत व फ्लायव्हील हाताने फिरवून झडपा कशा वरखाली होतात ते न्याहाळावे. तुटलेली स्प्रिंग नेहमीच उघडपणे दिसते असे नाही. पुष्कळदा तिचे दोन तुकडे नट-बोल्टाच्या आट्यांप्रमाणे एकमेकांत शिरतात, उंची थोडीशीच कमी होते आणि इंजिन तसेच, परंतु निम्म्या दमाने, चालू राहते. गोदाकाठच्या एका शेतावर अशी स्प्रिंग आमच्या पाहण्यात आली. ऐन गव्हाच्या पाण्यात इंजिन मंदावले म्हणून मालकाने आठ दिवस गव्हर्नर ताणून काम रेटले होते. झाकण काढले तेव्हा एक्झॉस्टची स्प्रिंग खालून दुसऱ्या वेढ्याशी तुटलेली, तुकडे परस्परांत गुंतलेले, आणि सतत अर्धवट मिटत राहिल्याने झडपेची कड एका बाजूस जळून पार खाऊन गेलेली होती. स्प्रिंग दुपारपर्यंत मिळाली असती. झडप व बैठक यांच्या कामास मात्र पाच दिवस लागले, आणि त्या शेताच्या खालच्या अंगाचा गहू पिवळा पडला.

स्प्रिंग काढणे

काम थंड इंजिनावरच करावे. डिझेलची तोटी बंद करावी, हँडल काढून बाजूस ठेवावे आणि पाण्याने थंड होणारे इंजिन असल्यास पाणी सोडून द्यावे. नोझलच्या नळ्या सोडल्यावर त्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने बांधावीत, कारण तेथे गेलेला धुळीचा कण स्प्रिंगेपेक्षा महाग पडतो. हेडचे नट एकदम न सोडता समोरासमोरचे, थोडे थोडे, दोनतीन फेऱ्यांत ढिले करावेत. हेड उचलल्यावर ते लाकडी फळीवर ठेवावे.

यापुढे सावधगिरी बाळगावी. हेडमध्ये बसविलेली स्प्रिंग अगोदरच दबलेली असते. तिच्या माथ्यावरील टोपी अर्धगोल अशा दोन लहान लॉकांनी झडपेच्या दांडीस अडकविलेली असते. झडपेच्या तोंडाखाली लाकडी ठोकळा द्यावा, स्प्रिंग दाबण्याच्या क्लॅम्पने टोपी सरळ खाली दाबावी व लॉक चिमट्याने किंवा ग्रीस लावलेल्या पेचकसाच्या टोकाने काढून घ्यावेत. क्लॅम्प सोडताना हळूहळू सोडावा. दोन पाने अडकवून किंवा हातोड्याचा ठोका मारून लॉक उडविणारे कारागीर आहेत, व त्यांची सफाई पाहून नवशिक्यासही तसे करण्याचा मोह होतो. तो लॉक डोळ्यात गेला तर डोळा जातो. चेहरा स्प्रिंगेच्या अगदी वर आणू नये व डोळ्यांस चष्मा असावा. प्रत्येक झडपेची टोपी, लॉक व स्प्रिंग निरनिराळ्या डब्यांत ठेवावीत, म्हणजे अदलाबदल होणार नाही.

हेड न काढताही स्प्रिंग बदलता येते. उभ्या सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन दाबाच्या धावेच्या शेवटी अगदी वर आणून ठेवला, तर झडप सुटली तरी ती पिस्टनच्या माथ्यावर टेकून राहते, आत पडत नाही. मात्र फ्लायव्हीलला दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकून ते जराही फिरणार नाही असे केले पाहिजे. मोटारगाडीच्या पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगच्या छिद्रातून मऊ सुती दोर आत सोडून त्याच्यावर पिस्टन दाबतात व झडपेस आधार देतात, तीही युक्ती चांगली आहे. हंगामाच्या मध्यात एकच स्प्रिंग बदलावयाची असेल तर पिस्टन वर आणण्याची रीत पत्करावी. वर्षाच्या तपासणीत मात्र हेड काढणेच आम्हांस योग्य वाटते. त्यामुळे झडपेची कड, बैठक व काजळी ही सर्वच दृष्टीस पडतात, आणि नवी गॅस्केट घालण्याचा खर्च वाया जात नाही.

पारख

स्प्रिंग रॉकेलात किंवा डिझेलमध्ये बुडवून ब्रशने धुवावी व कोरडी करावी. तारेचा ब्रश, कानस किंवा पॉलिश कागद तिला लावू नये. उन्हात धरून भिंगाने प्रत्येक वेढा आतून व बाहेरून पाहावा. बारीक चीर, गंजाचे खड्डे किंवा वेढे एकमेकांवर घासल्याची चकाकी यांपैकी काहीही दिसल्यास पुढील मापे घेण्याचे कारण नाही, ती स्प्रिंग टाकून द्यावी. वरवरचा तांबूस गंज पुसून गेला व खाली खड्डा नसला तर पुढे जावे.

नंतर मोकळी लांबी मोजावी. व्हर्नियर असल्यास उत्तम, नसल्यास पोलादी पट्टी चालेल. कारखान्याच्या माहितीपुस्तिकेत नवी लांबी व सहन होण्याजोगी घट दिलेली असते, आणि तोच आकडा प्रमाण मानावा. पुस्तिका हरवली असल्यास त्याच इंजिनाची नवी स्प्रिंग शेजारी उभी करून ताडून पाहावे. काचेच्या तुकड्यावर दोन्ही ठेवून वरून पट्टी आडवी धरली की फरक सहज कळतो.

तिसरी परीक्षा सरळपणाची. सपाट काचेवर स्प्रिंग उभी करून तिला सुताराचा गुण्या भिडवावा व स्प्रिंग सावकाश फिरवावी. माथ्यापाशी गुण्या व वेढा यांत जी सर्वांत मोठी फट पडते ती पाहावी. साधारणपणे दोन अंशांपर्यंतचा कल चालवून घेतात. ५० मिलिमीटर लांबीच्या स्प्रिंगेत तो पावणेदोन मिलिमीटर भरतो. याहून जास्त वाकडी स्प्रिंग झडपेची दांडी एका अंगास रेटते, त्यामुळे गाईड लंबगोल झिजते आणि झडप बैठकीवर तिरपी बसू लागते.

खरी परीक्षा जोमाची, आणि लांबी बरोबर असूनही स्प्रिंग तीत नापास होऊ शकते. यंत्रशाळेत यासाठी काटा असतो. गावात तो नसला तरी व्हाइस बहुतेक सुताराकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानात असतो. जुनी व नवी स्प्रिंग टोकास टोक लावून, मध्ये पत्र्याची सपाट चकती देऊन, व्हाइसच्या जबड्यांत आडव्या धराव्यात व आवळीत जावे. दोहोंवर दाब सारखाच पडत असल्याने जी कमजोर असेल ती अधिक दबते. निम्मे अंतर आवळल्यावर दोहोंची लांबी मोजावी. फरक डोळ्यांस दिसण्याइतका असेल तर जुनी बाद करावी. या वेळी स्प्रिंग जबड्यांतून निसटू नये म्हणून तिच्या पोटातून सैल बसणारी एक लोखंडी सळई घालावी, व ती इतकी आखूड असावी की आवळताना जबड्यांस अडणार नाही.

स्प्रिंगेबरोबर टोपी, लॉक आणि दांडीवरील खाच हीही पाहावीत. खाचेची कड गोल झाली असेल तर नवी स्प्रिंग घालूनही झडप सुटण्याचा धोका राहतोच. दांडी गाईडमध्ये घालून बाजूस हलवून पाहावी. ती खडखडत असेल तर आधी गाईडचा बंदोबस्त करावा.

जुन्या स्प्रिंगेस पुन्हा कामास लावण्याचे तीन गावठी उपाय प्रचारात आहेत. एक, ती हाताने ताणून लांब करणे. दुसरा, लोहाराच्या भट्टीत तापवून पाण्यात बुडविणे. तिसरा, खाली वॉशर घालणे. ताणलेली स्प्रिंग काही तासांतच पूर्ववत आखडते. भट्टीत तापविल्याने पोलादास कारखान्यात दिलेले पाणी उतरते, आणि ती एकतर मऊ पडते किंवा काचेसारखी ठिसूळ होते. वॉशरने जोम वाढल्यासारखा वाटतो खरा, परंतु झडप पुरी उघडताना वेढे एकमेकांस भिडू लागतात व स्प्रिंग अथवा पुश रॉड यांपैकी एक मोडते. कारखान्यानेच ठराविक जाडीची चकती दिली असेल तर ती गोष्ट निराळी.

नवी स्प्रिंग बसविणे

एक स्प्रिंग बाद झाली तरी दोन्ही झडपांच्या स्प्रिंगा एकदमच बदलाव्यात, कारण दोघींनी काम सारखेच केलेले असते. खरेदीस जाताना जुनी स्प्रिंग व इंजिनाच्या पाटीवरील नमुना-क्रमांक बरोबर न्यावा. तारेची जाडी, वेढ्यांची संख्या, आतील व्यास व लांबी ही चारही जुळली पाहिजेत. नुसती बसते म्हणून घेतलेली स्प्रिंग जास्त कडक असली तरी नुकसानच करते, कारण ती कॅम व टॅपेट झिजविते.

बसविण्यापूर्वी झडपेच्या दांडीस इंजिनाचे स्वच्छ तेल लावावे. काही स्प्रिंगांचे वेढे एका टोकास दाट व दुसऱ्यास विरळ असतात. दाट टोक हेडच्या बाजूस ठेवावे. टोपी दाबून लॉक बसविल्यावर क्लॅम्प सोडावा आणि दांडीच्या टोकावर लाकडी हातोडीने हलकेच दोनतीन ठोके द्यावेत. लॉक नीट बसले नसतील तर ते येथेच कळते, मात्र ठोके देताना वर फडके धरावे. मग हेड उलटे ठेवून हवेच्या व एक्झॉस्टच्या वाटांत थोडे रॉकेल ओतावे. पाच मिनिटांत झडपेच्या कडेने ओल आली नाही, तर झडपा घट्ट मिटतात असे समजावे. ओल आली तर स्प्रिंगेचे काम झाले असले तरी झडपा घासून घ्याव्या लागतील.

तुटलेल्या स्प्रिंगेचे सर्व तुकडे मिळाले की नाही हे ते जोडून पाहावे. एखादा कमी भरल्यास तो पुश रॉडच्या वाटेने तेलाच्या टाकीत गेला असण्याचा संभव असतो. त्या वेळी तेल काढून, गाळून, तुकडा सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नये.

हेडचे नट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळावेत. पिस्टन दाबाच्या धावेच्या शेवटी आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, रॉकरची फट फिलर गेजने लावावी. ती किती असावी व इंजिन थंड असताना लावावी की गरम, हे नमुन्यागणिक बदलते, तेव्हा पुस्तिकेतील आकडाच घ्यावा. यानंतर इंजिन हाताने निदान दोन पूर्ण फेरे फिरवावे. कोठेही टणक अडथळा लागला तर थांबून कारण शोधावे, जोर करू नये. इंजिन अर्धा तास चालवून थंड झाल्यावर नट पुन्हा आवळावेत व फट पुन्हा तपासावी, कारण गॅस्केट बसली की ती बदलते.

पावसाळ्यात इंजिन महिनोन्‌महिने उभे राहते, त्या काळातील गंज हा स्प्रिंगेचा मोठा शत्रू होय. उभे करण्यापूर्वी झाकण काढून स्प्रिंगांवर तेल सोडावे, सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घालावा आणि दोन्ही झडपा मिटलेल्या राहतील अशा बेताने फ्लायव्हील ठेवावे. यामुळे सिलिंडरात दमट हवा शिरत नाही व स्प्रिंगाही कमीत कमी दबलेल्या राहतात. पंधरवड्यातून एकदा इंजिन हाताने फिरवून पुन्हा त्याच जागी आणावे. स्प्रिंग बदलल्याची तारीख व नव्या स्प्रिंगेची मोकळी लांबी झाकणाच्या आतल्या अंगास रंगाने लिहून ठेवावी. पुढील वर्षी मिस्त्री बदलला तरी ताडून पाहण्यास तो आकडा जागेवर सापडतो.